आरारिपेचं जुनं तळं आणि तिथले उडते सरडे: ब्राझील ट्रिप

शनिवार-रविवार, मुंबई ते साओ पाउलो

मुंबईहून रात्रीची फ्लाइट, आदिस अबाबाला बदलायची आणि तिथून अख्खा आफ्रिका ओलांडून अटलांटिकवरून थेट साओ पाउलो. खिडकीची सीट मुद्दाम मागून घेतली होती. खाली नुसतं पाणीच पाणी, पण मला तेच बघायचं होतं कारण मी जे तळं बघायला चालले होते ते आणि हा समुद्र एकाच भानगडीतून जन्माला आलेत. साधारण साडेअकरा कोटी वर्षांपूर्वी आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकांपासून फाटत होते, जमिनीला मोठमोठ्या भेगा पडत होत्या, काही जागा खचत होत्या आणि खचलेल्या जागेत पाणी साठत होतं. आजच्या ब्राझीलच्या ईशान्येला असंच एक मोठं खोरं तयार झालं, आरारिपे बेसिन. सेआरा, पेर्नाम्बुको आणि पिआउई अशा तीन राज्यांत पसरलंय. त्यात एका काळी खारट पाण्याचं तळं होतं, त्या तळ्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ बसत गेला आणि त्या गाळात मासे, किडे, पानं, पिसं, बेडूक, कासवं, मगरी, सरडे आणि टेरोसॉर, म्हणजे उडणारे सरपटणारे प्राणी, असे काही जपले गेलेत की जगात त्याला तोड फार कमी ठिकाणी आहे.

मी शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, त्यात जीवाश्मांचा धडा अर्ध्या पानाचा. भाचा साओ पाउलोत भूशास्त्रात पीएचडी करतोय, त्याने फोनवर सांगितलं की मावशी, तू फक्त ये, बाकी मी बघतो. त्याचं पोर्तुगीज आता फाडफाड आहे त्यामुळे भाषेची चिंता मिटली.

सोमवार, जुआझेइरो दो नॉर्ते

साओ पाउलोहून पुन्हा विमान, उतरलो जुआझेइरो दो नॉर्तेला. या भागाला कारिरी म्हणतात. आजूबाजूला सगळा सेर्ताँव, म्हणजे ब्राझीलचा दुष्काळी पट्टा, काटेरी झुडपं आणि कोरडी माती, पण कारिरी मात्र हिरवंगार. त्याचं कारण समोरच दिसतं. क्षितिजावर एक सपाट माथ्याची लांबच लांब भिंत उभी आहे, ते शापादा दो आरारिपे नावाचं पठार. त्याच्या डोक्यावर वालुकाश्म आहे, पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली पाणी न सोडणारे थर लागले की अडतं आणि कड्याच्या पायथ्याला झरे होऊन बाहेर येतं. त्याच पठाराच्या पोटात आपलं तळं आहे, थर होऊन.

संध्याकाळी ओर्तो टेकडीवर गेलो, तिथे पाद्रे सिसेरोचा 27 मीटर उंच पांढरा पुतळा आहे, 1969 सालचा. हे 1934 ला वारलेले पाद्री, पण ईशान्य ब्राझीलमधून आजही लाखो लोक त्यांच्या नावाने इथे येतात. खाली गावात जूनच्या सणाच्या रंगीत पताका लावलेल्या, अकॉर्डियनवर फोहो, म्हणजे इथलं नाचगाणं, चालू, मक्याचे पदार्थ विकायला. जेवायला बायांव दि दोइस घेतलं, भात आणि चवळीसारखे दाणे एकत्र शिजवून वरून चीज, सोबत काजूच्या बोंडांच्या रसाचं काजुईना. काजू आपल्या कोकण-गोव्यात आला तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहूनच, त्यामुळे तो वास एकदम ओळखीचा वाटला. जेवणानंतर रापादुरा, म्हणजे अगदी आपली गुळाची ढेप.

मंगळवार, नोव्हा ओलिंदाच्या खाणी

सकाळी लवकर गाडी करून निघालो. ड्रायव्हर दादा याच भागातले, वडील खाणीत होते म्हणाले. क्रातो शहर मागे पडलं, चढ चढून पठारावर आलो, मग पुन्हा उतार आणि नोव्हा ओलिंदा. गावात शिरतानाच लक्षात येतं की इथे सगळं एकाच दगडाचं आहे, फुटपाथ, घरांच्या पायऱ्या, भिंतींचा खालचा भाग, सगळीकडे पिवळसर क्रीम रंगाच्या पातळ फरश्या. हाच तो पेद्रा कारिरी. आणि हीच क्रातो फॉर्मेशन, म्हणजे तळ्याचा तळ. लोक तळ्याच्या तळावर चालतायत, अक्षरशः.

खाणीत आधी परवानगी घेऊनच गेलो, स्थानिक विद्यापीठातली एक विद्यार्थिनी सोबत होती (ती जीवाश्मांवरच काम करते, पुढचे दोन दिवस तिने जे दाखवलं त्यासाठी तिचे किती आभार मानू कळत नाही). खाण म्हणजे मोठा उघडा खड्डा, पायऱ्या पायऱ्यांचा, ऊन त्या पांढुरक्या दगडावरून डोळ्यांत घुसतं. बाजूला टाकून दिलेल्या तुकड्यांचे डोंगर. एक काका पातळ छिन्नी घेऊन बसले होते, लादीच्या कडेला छिन्नी लावायची, हलके दोन-तीन ठोके, आणि दगड खारी बिस्किटासारखा पापुद्र्यात सुटतो. ते थर इतके बारीक आहेत की मिलीमीटरच्या हिशोबात बोलावं लागतं. चौथ्या-पाचव्या लादीत एक मासा निघाला, बोटाएवढा, नारिंगी-तपकिरी, मणक्याची माळ स्पष्ट, शेपटीचे काटे मोजता येतील असे. काकांनी नुसतं "दास्तिल्बे" म्हटलं आणि लादी बाजूला ठेवली, त्यांना त्याचं अप्रूप नाही कारण हा मासा या दगडात ढिगाने सापडतो. माझ्या हाताला मात्र कंप सुटला होता.

हे सगळं इतकं नीट का टिकलं ते त्या मुलीने तिथेच उभं राहून समजावलं. तळ्याचं पाणी थरांचं होतं. वर त्यातल्या त्यात गोडं, खाली अतिखारट आणि ऑक्सिजन नसलेलं. मेलेलं काहीही तळाशी गेलं की तिथे ते खायला कोणी जिवंत नाही, गाळ उकरणारे किडे नाहीत, त्यामुळे थर सुद्धा मोडले नाहीत. पुरावा म्हणून तिने एका लादीवर मिठाच्या स्फटिकांचे चौकोनी ठसे दाखवले, मीठ विरघळून गेलंय पण त्याचा आकार दगडात राहिलाय. रंगाचंही तसंच, खोलवरचा दगड निळसर करडा असतो, त्यात जीवाश्मांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं, वरचा दगड हवा-पाण्याने पिवळा पडतो आणि पायराइटचा गंज होतो म्हणून मासे नारिंगी दिसतात.

आता मुख्य गोष्ट. याच दगडातून तुपान्डाक्टिलस मिळालाय. डोक्यावर शिडासारखा अवाढव्य तुरा असलेला, बिनदाताचा टेरोसॉर. त्याच्या एका नमुन्याची कथा ऐकताना मी खाणीतल्या त्या चौकोनी कापलेल्या लाद्यांकडे बघत होते. 2013 मधे ब्राझीलच्या पोलिसांनी सान्तोस बंदराच्या धाडीत चोरून बाहेर चाललेले हजारो जीवाश्म पकडले, त्यात हा प्राणी होता, सहा चौकोनी लाद्यांत कापलेला. जोडल्यावर कळलं की जवळजवळ सगळा सांगाडा आहे, पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर, उभा राहिला तर मीटरभर उंच आणि त्या उंचीतला साधारण 40 टक्के भाग नुसता डोक्याचा तुरा! 2021 मधे त्याच्यावर पेपर आला. तो आता साओ पाउलो विद्यापीठात आहे. एवढ्या मोठ्या तुऱ्यासकट हा लांब उडू शकत असेल का यावर त्या पेपरमधे बराच विचार आहे, मान लांब, तुरा जड, त्यामुळे हा जमिनीवर जास्त फिरून खाणारा असावा असं त्यांचं मत.

पण तो नेमका कुठल्या खाणीतला, कुठल्या थरातला? हे कोणीच नोंदवलेलं नाही. चोरून काढलेल्या जीवाश्माचं हे नुकसान भरून येत नाही. हाड मिळतं, पण त्याच्या वर-खाली काय होतं, शेजारी कुठले किडे होते, पाणी तेव्हा किती खारट होतं, हे सगळं गेलं.

भाचा म्हणाला, मावशी, काकांना विचारतो त्यांना कधी टेरोसॉर सापडला का. काका हसले नाहीत की काही नाही, शांतपणे म्हणाले की आता काही वेगळं दिसलं की विद्यापीठाला कळवतो. पूर्वी? पूर्वी गावात जीवाश्म विकत घेणारे यायचे, इथे त्यांना पेइशेइरो म्हणतात, मासेवाले. थोडे पैसे हातावर ठेवायचे आणि घेऊन जायचे. उन्हात दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाने ते पैसे घेतले तर त्याला मी तरी दोष देणार नाही, माझा राग पुढच्या साखळीवर आहे, ज्यांना कायदा माहीत होता.

बुधवार, सान्ताना दो कारिरी

नोव्हा ओलिंदाहून थोडं पुढे सान्ताना दो कारिरी, पठाराच्या कुशीतलं छोटंसं गाव, चर्च, चौक, आणि त्याच गावात प्लासिदो सिदादी नुव्हेन्स पॅलिऑन्टॉलॉजी म्युझियम. 1985 साली गावाच्या तेव्हाच्या महापौरांनी सुरू केलेलं, आता कारिरीच्या प्रादेशिक विद्यापीठाकडे आहे. तालुक्याच्या गावात जगाच्या दर्जाचं म्युझियम! शाळेची मुलं रांगेने आली होती, एकेक पोरगं माशाचं नाव न वाचता सांगत होतं, ते ऐकून मला माझे वर्ग आठवले.

तुकडे बघताना आधी समजून घ्यावं लागतं की इथे तीन वेगळे थर आहेत. खाली क्रातो, कालचा तळ्याचा चुनखडक. मधे इपुबी, जिप्समचा थर, म्हणजे पाणी आटून क्षार बसले तो काळ. वर रोमुआल्दो, त्यात समुद्राचं पाणी आत शिरलेलं. क्रातोतले प्राणी चपटे, पण कातडी-पिसांसकट. रोमुआल्दोतले गोल गाठींमधे, चपटे न होता.

क्रातोतले सरडे मला सगळ्यात आवडले. तिजुबिना, ओलिन्दालासेर्ता अशी नावं, हातभर सुद्धा नाहीत, बोटं काडीसारखी. मग सुसिसुकस नावाची छोटी मगर, जिच्या पाठीच्या खवल्यांची रचना आजच्या मगरींच्या जवळची आहे. आरारिपेमिस कासव, लांब मानेचं. आणि तेत्रापोदोफिस! 2015 मधे हा चार पायांचा साप म्हणून जगभर गाजला, 2021 मधे दुसऱ्या टीमने तो नमुना पुन्हा तपासून म्हटलं की साप नाही, पाण्यात राहणाऱ्या लांबुडक्या सरड्यांच्या गटातला आहे. तो सुद्धा ब्राझीलबाहेरच्या खाजगी संग्रहातून पुढे आलेला. भाच्याचा यावर मोठा मुद्दा होता, आणि मला तो पटला: ज्या नमुन्याकडे सगळ्यांना कधीही जाता येत नाही त्याच्यावर वाद सुटणार कसा?

उबिराजाराची गोष्ट इथे ऐकायला मिळणं म्हणजे त्याच्या घरात बसून ऐकण्यासारखं होतं. कोंबडीएवढा डायनासोर, पाठीवर आयाळ आणि खांद्यांवरून निघालेल्या लांब कडक फिती. डिसेंबर 2020 मधे त्याच्यावर पेपर आला, नमुना जर्मनीत कार्ल्सरुहच्या म्युझियममधे. ब्राझीलमधे 1942 पासून कायदा आहे की जीवाश्म सरकारच्या मालकीचे, मग हा तिकडे गेला कसा? आलिनी गिलार्दी वगैरे ब्राझीलच्या संशोधकांनी सोशल मीडियावर मोहीम सुरू केली, "उबिराजारा ब्राझीलचा आहे" हा हॅशटॅग खूप लोकांनी फिरवला, पेपर मागे घेतला गेला, आणि जून 2023 मधे नमुना परत आला. तो रिओला किंवा साओ पाउलोला गेला नाही, इथे, या गावाच्या म्युझियमकडे आला. त्या मुलीला सांगताना भरून आलं होतं, आणि मलाही.

मी तिला सरळच विचारलं की लोक म्हणतात 2018 मधे रिओचं नॅशनल म्युझियम जळलं, त्यात आरारिपेचे टेरोसॉर पण होते, मग परदेशात सुरक्षित नसतात का? तिने उत्तर दिलं ते मी वहीत लिहून घेतलं. इजिप्तमधे सापडलेला पहिला स्पायनोसॉरस डायनासोर म्युनिकला नेला होता, 1944 च्या बॉम्बहल्ल्यात तो तिथे जळून गेला. आग कुठेही लागते. प्रश्न हा आहे की आग विझवायचे पैसे, तिजोऱ्या, लॅब कुठे दिल्या जातात.

आणि योगायोग बघा, त्याच स्पायनोसॉरसचा नातेवाईक रोमुआल्दोच्या थरातून निघालाय. इरिटेटर, 1996 मधे नाव दिलं. कवटी व्यापाऱ्याकडून आली होती, जास्त पैसे मिळावेत म्हणून कोणीतरी प्लास्टर भरून तोंड लांब केलेलं, ते काढताना अभ्यासकांची जी चिडचिड झाली ती प्राण्याच्या नावातच उतरली.

गुरुवार, टेरोसॉर पार्क

गावापासून जवळच पार्क दोस तेरोसाउरोस, उत्खननाची जागा, झाडीत पूर्ण आकाराच्या प्रतिकृती उभ्या केल्यात. ही रोमुआल्दोची जमीन. पायाखाली राखाडी-हिरवट भुसभुशीत शेल, म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड, आणि त्यात लंबगोल दगडी गाठी. गाठ हातात घेतली की जड लागते, बाहेरून काही कळत नाही, पण कित्येकदा गाठीचा आकारच माशाच्या आकाराचा असतो. मासा मेला, त्याच्या सडण्यामुळे भोवतीचं रसायन बदललं आणि गाळातला चुना त्याच्याभोवती पटकन घट्ट झाला. इतक्या पटकन की आतले स्नायू सुद्धा फॉस्फेटमधे दगड झाले. 2016 मधे राकोलेपिस नावाच्या माशात चक्क दगड झालेलं हृदय दाखवलं गेलं, स्कॅन करून, झडपांसकट.

आरारिपेचे मासे युरोपला कळले ते 19 व्या शतकात, स्पिक्स आणि मार्टिअस हे जर्मन निसर्ग-अभ्यासक 1817 ते 1820 ब्राझील फिरले त्यांनी एका माशाचं चित्र छापलं, नंतर माशांच्या जीवाश्मांचे अभ्यासक आगासी यांनी आरारिपेच्या माशांना नावं दिली. टेरोसॉर मात्र पहिल्यांदा 1971 मधे, ब्राझीलचे जीवाश्म-अभ्यासक प्राइस यांनी आरारिपेसॉरसचं वर्णन केलं तेव्हा. एकदा दार उघडल्यावर रांगच लागली, आन्हांगुएरा 1985, तुपुशुआरा 1988, तापेजारा 1989.

आन्हांगुएराच्या प्रतिकृतीखाली मी बराच वेळ उभी होते. पंखांचा पसारा चार मीटरच्या वर. पूर्ण पंख एका बोटावर, चौथ्या, आणि ते बोट अंगापेक्षा लांब. जबड्याच्या टोकाला वर-खाली उंचवटे, दात एकमेकांत अडकणारे, मासे पकडायला. त्या मुलीने एका हाडाच्या तुकड्याचा छेद दाखवला, आत पोकळ आणि भिंत जेमतेम मिलीमीटरची. एवढं नाजूक हाड बाकी कुठे सापडलं तर कागदासारखं चेपलेलं सापडतं, इथे गाठीमुळे गोलच्या गोल. लॅबमधे सौम्य आम्लात गाठ ठेवतात, चुना हळूहळू विरघळतो, हाड राहतं, महिने लागतात. टेरोसॉरच्या मानेचे मणके एकमेकांवर कसे फिरायचे, खांदा कसा अडकायचा, हे जगाला बऱ्याच अंशी आरारिपेच्या गाठींनी शिकवलंय.

क्रातोने वेगळं शिकवलं. 2022 मधे बेल्जियमहून परत आलेल्या एका तुपान्डाक्टिलसच्या तुऱ्याच्या मुळाशी पिसं मिळाली, काही साधी, काही फांद्या फुटलेली, आणि त्यात रंगद्रव्याचे कण जागेनुसार वेगवेगळ्या आकाराचे. म्हणजे पिसं दाखवण्यासाठी, रंगासाठी वापरात होती असं म्हणायला आधार आहे. तळ्यावर रंगीत तुऱ्यांचे हे प्राणी वावरत असतील ही कल्पना आता नुसती चित्रकाराची राहिली नाही, आणि हा नमुना तर अभ्यास झाल्यावर सन्मानाने मायदेशी पाठवला गेला. असंही होऊ शकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

दुपारी पोन्ताल दा सान्ता क्रूझला गेलो, पठाराचं टोक, खाली सगळं सान्ताना. जेवण, फोटो, वारा, बस्स.

शुक्रवार, क्रातो

पहाटे झऱ्याच्या जंगलात सोल्दादिन्यो बघायला गेलो, पांढरा पक्षी, लाल टोपी, काळे पंख, 1998 मधे शास्त्राला कळला आणि जगात फक्त या पठाराच्या पायथ्याला राहतो. दिसला, दोन मिनिटं, पुरे झालं. दुपारी क्रातोत पत्रकं घेतली. हा सगळा भाग 2006 पासून जिओपार्क, म्हणजे दगड-जीवाश्मांचा वारसा जपणारा प्रदेश, आहे, अमेरिका खंडांतला पहिला, आणि बस स्टॉप पासून शाळेच्या भिंतीपर्यंत सगळीकडे टेरोसॉर रंगवलेले दिसतात.

एअरपोर्टवर भाच्याशी बोलताना सिरोंचाचा विषय निघाला. आपल्या गडचिरोलीत प्राणहितेच्या काठावर कोटा गाव आहे, तिथेही तळ्यात बसलेला चुनखडक आहे, आरारिपेपेक्षा जुना, ज्युरासिक. तिथले मासे 19 व्या शतकापासून माहीत आहेत, नागपूरच्या हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने गोळा केलेले, आणि 1974 मधे कोटा फॉर्मेशनमधून टेरोसॉरचे म्हणून हाडांचे तुकडे वर्णन झालेत. जवळच वडधमला जीवाश्म पार्क आहे. किती जणांना माहीत आहे? मी पुण्यात एवढी वर्षं शिकवलं, एकदाही मुलांना तिकडे नेलं गेलं नाही, रिओपेक्षा सिरोंचा जवळ आहे.

डिसेंबरमधे भाचा येतोय, तेव्हा नागपूरला उतरून गाडी करायची, चंद्रपूरमार्गे सिरोंचा, वनखात्याकडे आधी विचारून ठेवायचं. कोणाकडे तिथल्या राहायच्या सोयीची माहिती असेल तर जरूर सांगा, आणि त्या भागातल्या शाळांचे शिक्षक वाचत असतील तर खास करून.